सात नंबरचा आरसा

आमच्या घरात स्टीलचं एकही भांडं नव्हतं, आणि आमचं घर बसलं ते स्टीलच्या भांड्यांमुळेच.

बाबा कल्हईवाले. खांद्यावर चामड्याचा भाता, सायकलच्या कॅरिअरला कोळशाचं पोतं, हँडलला अडकवलेल्या डब्यात कथलाची कांडी आणि नवसागर. एवढं घेऊन ते वर्ध्याच्या भोवतालची गावं करायचे. गावात शिरलं की एखाद्या झाडाखाली वीतभर खड्डा खणायचा, भात्याचं तोंड त्यात सोडायचं आणि पितळेचं पातेलं तापवायचं. तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठायचा, डोळे चुरचुरायचे. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कथील वितळलं की लगेच रुईच्या, म्हणजे कापसाच्या, बोळ्यानं आतून गोल गोल फिरवायचं. काळंनिळं पातेलं बघता बघता चांदीसारखं व्हायचं. सातवीपर्यंत मी फक्त भाता हाणला. नंतर बाबांनी बोळा माझ्या हातात दिला. "दाबून फिरव," ते म्हणायचे, "अन् थांबू नको. थांबला का डाग पडला." ते माझ्या डोक्यात नाही, हातात बसलं. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्या हातामुळेच घडलं.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. वर्ध्याला लागून पिपरी मेघेकडे मास्तरांची, कारकुनांची घरं नव्यानं उठायला लागली तेव्हा बाबांना वाटलं, चला, गिऱ्हाईक पायाशी आलं. ते तिकडे फेऱ्या मारू लागले. दारातल्या बाया हसून सांगायच्या, "भाऊ, आमच्याकडे सगळं स्टील आहे." स्टीलला कल्हई लागत नाही. बाबा दहा दारं फिरून एखादी पितळी परात घेऊन यायचे, तीही कोणाच्या तरी म्हातारीनं हट्टानं जपून ठेवलेली. माय लोकांच्या शेतात निंदणाला जायची. रात्री ज्वारीच्या कण्या आणि जवसाची चटणी. चटणी संपली तरी कण्या असायच्या, कण्या संपल्या की आम्ही लवकर झोपायचो. नवसागराच्या धुरानं बाबांच्या छातीत खोकला घर करून राहिला होता. धंदा गेला, खोकला राहिला.

अशा घरातून मी बी.एस्सी. झालो. फिजिक्स घेऊन, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी अभिमानानं लिहितो. बाबा निकालाच्या दिवशी सायकल घेऊन गावभर फिरले. काम नसताना फिरले. कोणी "कल्हई आहे का?" असं विचारलं की म्हणायचे, "नाई, माहा पोरगा बी.एस्सी. झाला."

आणि मग दीड वर्ष मी घरी बसलो. बी.एस्सी.ला कोणी विचारत नव्हतं. लोकांच्या मुलांना गणित शिकवायचो, अर्ज लिहायचो. गावातले लोक बाबांना विचारायचे, "काय म्हन्ते तुमचा ग्रॅज्युएट?" बाबा भाता पुढ्यात ओढून घ्यायचे. भात्याचं चामडं सुकू नये म्हणून तेल लावत बसायचे.

ऐंशी साल नुकतंच मागं पडलं होतं. माझ्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी निरोप धाडला की बाहेरून एक शास्त्रज्ञ आले आहेत, जामच्या पुढं, समुद्रपूरच्या अंगाला एका माळावर त्यांनी दुर्बीण मांडली आहे आणि हिवाळाभर त्यांना इथला एक पदवीधर हवा आहे. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जामला उतरलो आणि तिथून चालत गेलो.

दुर्बीण म्हणून मी नळी शोधत होतो. नळी नव्हतीच. लोखंडी सांगाड्यांवर दहा मोठे खोलगट आरसे, प्रत्येक दोन हातांनी कवेत घ्यावा एवढा, सगळे आकाशाकडे तोंड करून. जवळ एक तंबू, त्यात यंत्रं, आणि जनरेटर लांब नाल्यापलीकडे. शास्त्रज्ञ पन्नाशीच्या आसपासचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांना तिथं सर म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्यांनी माझी मार्कशीट पाहिली नाही.

"रात्रभर जागता येईल?"

"हो सर."

"अंधारात दिव्याशिवाय काम करावं लागेल. विडी-सिगरेट?"

"नाही."

"हाताखाली काम केलंय कधी कुणाच्या?"

"वडिलांच्या. कल्हईचं."

त्यांनी माझ्या तळहातांकडे पाहिलं. "ठीक आहे. होळीपर्यंत काम आहे. नीट केलंत तर मी शिफारसपत्र देईन. आमच्याकडे एक कायमची जागा निघणार आहे. नाही केलंत, तर होळीला घरी."

एवढंच ते बोलणं. पण त्या दिवसापासून मला एकच गोष्ट दिसत होती, ते पत्र.

कामाचं स्वरूप सरांनी एका संध्याकाळी तंबूबाहेर उभं राहून मला सांगितलं. दूरच्या ताऱ्यांपासून, फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांपासून गॅमा किरण निघतात. डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जमिनीपर्यंत पोचतही नाहीत, वरच हवेला धडकून संपतात. पण धडकताना कणांचा एक सडा पडतो आणि त्या सड्यातून निळसर उजेडाची एक झलक निघते. डोळ्याची पापणी अर्धी मिटायच्या आत ती लाखो वेळा येऊन जाईल इतकी क्षणिक. ती झलक आरशांनी गोळा करायची. प्रत्येक आरशासमोर, बरोबर केंद्रावर, एक काचेची ट्यूब बसवलेली होती. उजेडाचा कण तिच्यावर पडला की विजेचा ठोका द्यायची. पुरेशा आरशांचे ठोके एकाच क्षणी आले तर ती झलक खरी मानायची. तंबूत एक पेन कागदाच्या गुंडाळीवर सतत रेघ ओढायचं, ठोके जास्त आले की रेघ वर, कमी आले की खाली. प्रत्येक आरशाचे ठोके शेजारच्या यंत्रावर वेगळेही मोजले जायचे. आम्ही वृषभ राशीतल्या एका फुटलेल्या ताऱ्याकडे आरसे रोखून बसायचो.

या कामाला अंधार लागतो, नुसता नाही, काळाकुट्ट. त्यामुळे अंधाऱ्या पंधरवड्यात काम आणि चांदण्याच्या दिवसांत सुट्टी. जामच्या वळणावर ट्रक वळले की त्यांचे दिवे माळावर झाडू मारून जायचे, म्हणून त्या बाजूला बांबूचे उंच तट्टे उभे केले होते. ट्यूबवर हायटेन्शन, म्हणजे उच्च दाबाची वीज, चालू असताना कोणी काडी पेटवली तर ट्यूब कायमची जाऊ शकते. आणि दुसरा नियम आरशांचा. दहांतले सहा आरसे लष्कराच्या जुन्या सर्चलाइटचे. त्यांचा मुलामा काचेच्या मागे, घरच्या आरशासारखा, त्यामुळे पुसले तरी चालतात. उरलेले चार नवे. त्यांच्यावर चकाकीचा थर काचेच्या पुढच्या अंगाला, उघडा.

"त्यांना बोट लावायचं नाही," सर म्हणाले. "फुंकरसुद्धा नको. तो थर केसाहून पातळ आहे."

पूर्वेकडून एक ते सहा जुने, सात ते दहा नवे. मी पाठ केलं.

आमच्यात तिसरा माणूस नागपूरचा तंत्रज्ञ. चाळिशीचा, हाताचा पक्का, तोंडाचा त्याहून पक्का. ट्यूबा आणि वायरिंग त्याच्याकडे. त्याला मी भाऊ म्हणायचो, तो मला ग्रॅज्युएट म्हणायचा. "काय ग्रॅज्युएट, झोप लागून राह्यली का? तिकडे तारा फुटून राह्यला अन् हा घोरून राह्यला." त्याला विडीची तलफ आली की तो नाल्यापलीकडे जनरेटरपाशी जायचा, दोन विड्या ओढायचा आणि शिव्या देत परत यायचा. अंधारात मी त्याला वासावरून ओळखायचो.

डिसेंबर लागला आणि दव पडायला लागलं.

मध्यरात्रीनंतर, वृषभ डोक्यावर असताना, म्हणजे सगळ्यात मोलाच्या तासांत, आरशांवर ओल धरायची. तंबूत पेनाची रेघ हळूहळू खाली घसरू लागायची. सर पेनाशेजारी जाऊन उभे राहायचे. मग हुकूम यायचा, "जुने पुसा." मी मलमलीचा फडका घेऊन अंधारात निघायचो, हातानं सांगाडे मोजत, एक, दोन, सहापर्यंत पुसून परत. नव्यांना काही करता येत नव्हतं. ते तसेच धुरकट होऊन पडायचे. एकेका रात्रीचा अर्धा भाग वाया जायचा. सर एकदा स्वतःशीच म्हणाले, "असंच चाललं तर हा हंगाम दाखवायला काही उरणार नाही." मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की हंगाम नाही तर पत्र नाही.

त्या रात्री दव जास्तच होतं. गवत भिजून पायजमा पोटऱ्यांना चिकटत होता. दुपारी भाऊनं एका ट्यूबच्या भानगडीमुळे सहा आणि सात नंबरचे आरसे सांगाड्यांवरून अदलाबदल केले होते. मला सांगितलं होतं. मी "हो" म्हणालो होतो. आता जुना सात नंबरच्या सांगाड्यावर होता आणि नवा सहाच्या.

रेघ घसरली. "जुने पुसा. लवकर," सर म्हणाले.

चौथ्या आरशापर्यंत मलमल चिंब झाली. पुसायच्या ऐवजी पाणी पसरत होती. कोरडा फडका तंबूत होता, आणि आतला कंदील झाकल्याशिवाय तंबूचा पडदा उचलायचा नव्हता, त्यात वेळ गेला असता. माझ्या कोटाच्या खिशात रुई होती. घरून आणलेली, कानात घालायला, थंडीसाठी. बाबांच्या रुईच्या पोत्यातलीच. मी ती काढली, बोळा केला आणि पाचवा पुसला. छान कोरडा झाला. सवयीनं पुढच्या सांगाड्यावर हात ठेवला, सहा, आणि पुसू लागलो. दाबून. गोल गोल. न थांबता.

तिसऱ्या की चौथ्या फेऱ्यात हाताला कळलं. काच अशी लागत नाही. काहीतरी सुटत होतं बोळ्याखाली, कल्हई उतरताना सुटतं तसं.

मी हात काढून घेतला. अंधारात काही दिसत नव्हतं, बोळासुद्धा दिसत नव्हता. बोटांनी चाचपला तर आत काडीकचरा. आमच्याकडची रुई ती, सरकीचं टरफल, पानाचा चुरा असलेली. पितळेला ती चालते. मी बोळा खिशात घातला आणि तंबूत आलो.

"पुसले?" सर म्हणाले.

"पुसले."

भाऊ म्हणाला, "ग्रॅज्युएटले घाम आला पाहा. अशा थंडीत."

पहाटे आरशांवर ताडपत्रीच्या टोप्या चढवायचं काम माझं. मी सहा नंबरच्या सांगाड्याशी गेलो तेव्हा पूर्व पांढरी होत होती. आरशाच्या मधोमध थाळीएवढ्या जागेत गोल ओरखडे होते, एकात एक, अगदी कल्हई केलेल्या पातेल्याच्या बुडाला असतात तसे. फरक एवढाच की पातेलं चमकायचं आणि इथली चमक गेली होती. मी टोपी चढवली, दोरी आवळली आणि दुहेरी गाठ मारली.

आरशांना आम्ही जागेवरून नाही, त्यांच्या मागच्या आकड्यावरून ओळखायचो. त्या आरशाच्या पाठीवर सात लिहिलेलं होतं. दुसऱ्या रात्री सातचे ठोके कमी आले. सर म्हणाले, दव असेल. तिसऱ्या रात्री दव नव्हतं तरी कमी आले. चौथ्या रात्री भाऊनं ट्यूब तपासली, वायर बदलली, हायटेन्शन कमीजास्त करून पाहिलं. काही फरक नाही.

"ट्यूबवर उजेड पडलाय," सर म्हणाले. ते भाऊकडे बघत होते.

"नाई सर."

"अदलाबदल तुम्ही केलीत. त्यानंतरच हे झालं."

"दुपारी केली सर. हायटेन्शन बंद होतं. ग्रॅज्युएट होता ना सोबत, इचारा."

मी म्हणालो, "बंद होतं."

"आणि रात्री? विडी?"

भाऊचं तोंड लाल झालं, कंदिलाच्या उजेडातही दिसलं. "बारा वर्षं काम करतो सर मी. नाल्यापलीकडे जातो ओढाले. रोज जातो." सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. ट्यूब परदेशातली होती, दुसरी मिळायला महिने लागणार होते. भाऊनं त्या रात्री मला एकदाही ग्रॅज्युएट म्हटलं नाही. एक टोमणाही नाही. तो गप्प बसला की तंबू फार लहान वाटायचा.

मी बोलू शकलो असतो. बोललो नाही. टोप्या काढायचं आणि चढवायचं काम माझंच होतं, आणि टोपी काढायची ती अंधार पडल्यावर, चढवायची ती उजाडायच्या आत. दिवसाउजेडी तो आरसा माझ्याशिवाय कोणी पाहिला नव्हता. मला रोज वाटायचं, आज कोणी पाहील. रोज वाटायचं, होळीपर्यंत कोणी पाहू नये.

चांदणं आलं, सुट्टी मिळाली, मी घरी गेलो. मायनं कण्या नाही, भाकर केली होती, मी कमावता म्हणून. मी एकच तुकडा चिवडत बसलो. बाबा बघत होते.

"काऊन रे? तब्येत बरी नाई का?"

मी सांगून टाकलं. सगळं, भाऊवर आळ आला तेही. बाबांनी मधेच तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं ते भलतंच.

"रुई कोनती घेतलती?"

"तुमच्या पोत्यातली."

"पिंजलेली का कचऱ्याची?"

"कचऱ्याची."

"हात तं मीच शिकवला तुले," ते म्हणाले. मग खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत थांबले. "त्या भाऊले लेकरं आहेत का?"

"दोन."

"मंग सांगून दे. जाशील तेव्हा आधी तेच सांगजो. पानी प्याच्याही आधी."

माय म्हणाली, "अन् नोकरी?"

"गेली तं गेली. भाता हाये अजून."

भात्याला काम नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. थोड्या वेळानं बाबांनीच पुन्हा विषय काढला, पण ते आता वेगळ्या आवाजात बोलत होते, धंद्यातल्या. "पन मले एक सांग. त्या आरशावर पानी धरते काऊन?"

"दव पडतं. काच हवेपेक्षा थंड होते."

"थंड्या भांड्यावर पानी धरनारच. खालून ऊब द्याची ना."

"बाबा, तिथं काडी पेटवायची मनाई आहे. विस्तव कुठला?"

"विस्तव दिसला पायजे असं कुठं हाये? मी वर्ध्यावरून आष्टीले जायचो तेव्हा काडेपेटी कोन घेतलती? गाडग्यात निखारा घ्याचा, वरून राख दाबाची. दिवसभर टिकते. हात ठेवला तं गरम, पाहिलं तं राख."

मी भाकर खाली ठेवली.

माळावर परतलो तेव्हा दिवस कलला होता. सर तंबूबाहेर खुर्चीवर कागद चाळत होते, भाऊ जनरेटरला डिझेल घालून हात पुसत येत होता. मी पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नाही. "सर, सात नंबरचा आरसा मी खराब केला. रुईनं पुसला. ट्यूबला काही झालेलं नाही. भाऊंचा दोष नाही."

सर उठले, आरशाकडे गेले, माझी दुहेरी गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला. टोपी निघाली. उतरत्या उन्हात ते ओरखडे अंधारात वाटले होते त्याहून जास्त होते. सर वाकून पाहत राहिले. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो.

"किती दिवस झाले?"

"अठरा."

"अठरा दिवस तुम्ही मला बघू दिलं नाहीत."

"हो."

"का?"

"पत्रासाठी."

त्यांनी टोपी पुन्हा चढवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जे झालं ते मला लिहावं लागेल. पत्राचं आता मी काही सांगू शकत नाही." मग ते भाऊसमोर जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं," म्हणाले. भाऊनं नुसती मान हलवली. सर तंबूत गेले तेव्हा तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता मारतो.

"चौदा दिवस मी विड्या सोडल्या तुह्यापायी," तो म्हणाला. "थांब, दोन ओढून येतो. मंग तुले शिव्या देतो."

त्यानं दिल्याही, आणि त्या ऐकताना मला बरं वाटत होतं.

निखाऱ्याचं मी सरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. आता गमवायला काही नव्हतं म्हणून धीर आला. त्यांनी लगेच नकार दिला. धूर होईल. उजेड होईल. काच तडकेल. मी म्हणालो, "वडील येऊन दाखवतील. आधी ट्यूबा बंद ठेवून." ट्यूबांचं तोंड आरशाकडे, निखारा आरशाच्या पाठीमागे, हे त्यांनी कागदावर काढून पाहिलं. "एक रात्र," ते म्हणाले.

मी निरोप धाडला आणि दोन दिवसांनी बाबा दुपारच्या बसनं जामला उतरले. दहा गाडगी, बाभळीचा कोळसा, गाळलेली राख आणि भाता. भाऊ म्हणाला, "काका, कोळसा काऊन आनला? गोवऱ्या होत्या ना गावात." बाबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "गोवरीचा धूर तुमच्या ताऱ्यापावतर जाईन," ते म्हणाले. त्यांनी नाल्यापलीकडे खड्डा खणला, कोळसा धूर जाईपर्यंत फुलवला, एकेका गाडग्यात घातला आणि वर चार बोटं राख दाबली. मग प्रत्येक गाडगं आरशाखाली ठेवून काचेच्या पाठीला तळहात लावून बसले. "तळहाताले सहन झालं पायजे," ते सरांना म्हणाले. "भांडं तापवाचं नाई, नुसतं थंड होऊ द्याचं नाई." कुठं जास्त वाटलं तिथं गाडगं वीतभर मागं सरकवलं.

अंधार पडला. भाऊनं हायटेन्शन हळूहळू चढवलं, एकेक आरसा करून. पेनाची रेघ नेहमीच्या जागी आली. मध्यरात्र झाली, गवत ओलं झालं, रेघ जागची हलेना. सर घड्याळाकडे आणि रेघेकडे आळीपाळीनं पाहत होते.

आणि रेघ एकदम वर गेली.

"उजेड," सर म्हणाले. "तीन नंबर. बंद करा." भाऊचा हात आधीच बटणावर होता. मी बाहेर धावलो. वारा सुटला होता, तीनच्या गाडग्यावरची राख एका बाजूनं उडाली होती आणि बोटाएवढा लाल ठिपका उघडा पडला होता. मला गाडगं दिसायच्या आत बाबा तिथं पोचले होते. ते अंधार पडल्यापासून त्या गाडग्यांच्या आसपासच बसून होते. त्यांनी उघड्या हातानं राख ओढून निखारा झाकला, मग डोक्याचा रुमाल सोडून गाडग्याच्या तोंडाला बांधला. त्यांचा हात भाजला. हे मला सकाळी कळलं.

"किती लागेल सांगाले?" त्यांनी अंधारात विचारलं.

"काय?"

"का ट्यूब गेली का राहिली."

मी आत गेलो. भाऊ तीन नंबरचं हायटेन्शन पुन्हा चढवत होता, थेंबाथेंबानं. तंबूत कोणी हलत नव्हतं. पेन कागदावर खरखरत होतं. ठोके आले. नेहमीएवढे. भाऊनं कपाळ पुसलं आणि मला म्हणाला, "जा, काकाले सांग. अन् बाकीच्या गाडग्यांलेही टोपी घाला म्हन."

आम्ही फाटक्या ताडपत्रीच्या चकत्या कापून दहाही गाडग्यांच्या तोंडाला बांधल्या. वृषभ मावळतीला झुकेपर्यंत रेघ सरळ राहिली. डिसेंबरपासून पहिल्यांदाच दव असूनही आम्ही रात्र पूर्ण केली, नव्या आरशांसकट. पहाटे सरांनी सगळ्या काचांवरून तळहात फिरवला, न टेकवता, वरून. कोरड्या होत्या. ते बाबांकडे आले.

"वहीत नोंद करायची आहे. तुमचं काम काय लिहू?"

"कल्हईवाला," बाबा म्हणाले.

बाबा तीन दिवस राहिले, मला गाडगी भरायला शिकवून गेले. जाताना भाऊनं त्यांना जामच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली. उरलेल्या हंगामात राख दाबायचं, तळहात लावून पाहायचं काम मी केलं. सात नंबरचा आरसा काढून नवा थर द्यायला पाठवला. तो फेब्रुवारीत परत आला तेव्हा सर म्हणाले, "बसवा." मी हातमोजे घालून, पाठीमागून धरून बसवला.

होळीच्या आधी दोन दिवस सरांनी मला पत्र वाचायला दिलं, मग पाकीट बंद केलं. त्यात दोन्ही गोष्टी होत्या. यांनी एक आरसा निष्काळजीपणानं खराब केला आणि अठरा दिवस लपवला, हे होतं. नंतर स्वतः सांगितलं, आणि दवाचा उपाय यांच्या घरून आला, हेही होतं. शेवटी एक ओळ, आरशांचं काम यांच्या हातात द्यायला माझी हरकत नाही.

पुढच्या वर्षी दुर्बीण त्या माळावरून हलली. जामच्या रस्त्यावर दिवे वाढत होते आणि धूळही. तिला उंच डोंगरावर नेलं. त्या हंगामातून गॅमा किरण नक्की सापडले असं कोणाला म्हणता आलं नाही, तेवढी मोजणी पुरेशी नव्हती. पण गाडगी ठेवली त्या रात्रीपासून होळीपर्यंत दवामुळे आमची एकही रात्र वाया गेली नाही. उन्हाळ्यात मला कायमच्या नेमणुकीचा कागद आला आणि निवृत्त होईपर्यंत मी दुर्बिणीच्या आरशांचंच काम केलं.